भीती असेल तर तीही सांगा

'एकदा ब्रेनचा एमआरआय करून घेऊ,' असं डॉक्टर अगदी साध्या आवाजात म्हणतात. त्यांच्यासाठी ते रोजचं वाक्य असतं. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र त्यातला 'ब्रेन' हा एकच शब्द राहतो. दवाखान्यातून बाहेर पडून घाटकोपरच्या पुलावर किंवा अंधेरीच्या रिक्षाच्या रांगेत पोहोचेपर्यंत त्या एका शब्दानं मनात घर केलेलं असतं. मग शेजारीपाजारी आपापल्या परीनं भर घालतात. एक जण सांगतो, 'आत भट्टीत सरकवल्यासारखं सरकवतात.' दुसरा सांगतो, 'हातोडे पडल्यासारखा आवाज येतो.' तिसऱ्याचा मेव्हणा अर्ध्यावरून ओरडत बाहेर आलेला असतो. तपासणीचा दिवस उजाडेपर्यंत माणूस निम्मा खचलेला असतो.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या काही वर्षांत आधी माझ्या थोरल्या बहिणीचा आणि नंतर माझा स्वतःचा असे दोन एमआरआय मी जवळून पाहिले. त्या निमित्तानं वाचत गेलो, डॉक्टरांना आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांना विचारत गेलो. त्यातून एक गोष्ट उमगली. एमआरआयची भीती म्हणून आपण जिला ओळखतो ती एक भीती नसते, दोन असतात. एक यंत्राची आणि दुसरी रिपोर्टची. पहिली माहितीनं पुष्कळ कमी होते. दुसरी माहितीनं जात नाही, ती कुणाच्या तरी सोबतीनं सोसावी लागते. या दोघींची सरमिसळ झाली की माणूस तपासणीच टाळतो, आणि नुकसान तिथं होतं.

माझी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, जोगेश्वरीला राहते. साठी ओलांडलेली, अख्ख्या चाळीला जिचा धाक अशी बाई. दोनतीन महिने सकाळी उठल्याबरोबर तिचं डोकं दुखायचं, डाव्या डोळ्याला कमी दिसू लागलं होतं. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. एका सेंटरमध्ये तिला टेबलावर झोपवलं, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं आणि टेबल आत सरकलं. हे सगळं कशासाठी, किती वेळ चालणार, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत ती आरडाओरडा करून बाहेर आली आणि चप्पल घालून थेट घरी गेली. घरात सगळ्यांना सांगितलं, 'मशीनच बिघडलं होतं.'

जिला सगळे घाबरतात तिला 'मी घाबरले' हे म्हणणं फार जड जातं. त्यात तीन आठवडे गेले. डोळ्याचं दिसणं आणखी कमी झालं तेव्हा तिनं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, 'मशीन चांगलं होतं रे. मला कबरीत ठेवल्यासारखं वाटलं.' हे तिनं बोलून दाखवलं म्हणून पुढचं सगळं सोपं झालं. ते पुढे सांगतो. आधी हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू.

एमआरआय म्हणजे एक मोठं चुंबक आणि त्यासोबत एक रेडिओ. मी हे रेडिओवरून बोलतोय म्हणून जुळवून सांगत नाही, ते खरंच तसं आहे. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन. या हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे जणू एक इवलंसं चुंबक. मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ही इवली चुंबकं एका दिशेनं कलतात. मग यंत्र त्यांना रेडिओलहरींचा एक हलका धक्का देतं. धक्का थांबला की ती पूर्वस्थितीला येऊ लागतात आणि येता येता स्वतः क्षीण रेडिओलहरी सोडतात. यंत्र त्या ऐकतं. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत, सूज असलेल्या जागी, गाठीच्या जागी ही परतण्याची गती वेगळी असते. त्या फरकावरून संगणक चित्र तयार करतो.

नेहमीच्या १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रात ही देवाणघेवाण साधारण ६४ मेगाहर्ट्झवर चालते. आपल्याकडचा एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. म्हणजे एफएमच्या काटा थोडा खाली नेला की तुमच्या मेंदूचं केंद्र लागतं, असं समजा. ३ टेस्लाच्या यंत्रात तो काटा एफएमच्या वर, १२८ च्या आसपास जातो. बाहेरच्या रेडिओकेंद्रांची खरखर त्यात मिसळू नये म्हणून तपासणीची खोली चहूबाजूंनी धातूच्या, बहुधा तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली असते. तो जाड, बंद दरवाजा पाहून छातीत धस्स होतं, पण तो तुम्हाला कोंडण्यासाठी नसतो. बाहेरची गाणी आत येऊ नयेत म्हणून असतो.

यात क्ष-किरण नाहीत. सीटी स्कॅनमध्ये ते असतात, एमआरआयमध्ये नसतात. पूर्वी या तंत्राच्या नावात 'न्यूक्लिअर' असा शब्द होता. तो फक्त अणुकेंद्राच्या अर्थानं होता, पण लोकांना अणुबॉम्ब आठवायचा. म्हणून १९८० नंतरच्या काळात रुग्णालयांनी तो शब्दच गाळला. एका शब्दानं माणसं किती घाबरतात, हे वैद्यकालाही मान्य करावं लागलं.

आता आवाजाचं. खडखड, धडधड, टकटक, मध्येच लांब भोंगा वाजावा तसं. यंत्रात मोठ्या चुंबकाशिवाय तारांची काही वेटोळी असतात. त्यांतला विजेचा प्रवाह फार वेगानं चालू-बंद होतो. चुंबकाच्या क्षेत्रात प्रवाह बदलला की वेटोळ्यांवर जोर येतो आणि ती थरथरतात. लाऊडस्पीकरचा पडदा ज्या कारणानं हलतो तेच कारण. हा आवाज शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे किंवा कानांवर हेडफोन देतात. ते न दिल्यास मागून घ्या. आवाज म्हणजे बिघाड नव्हे. यंत्र आपलं काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ.

या यंत्रात सर्वांत आधी गेलेल्या माणसांकडे पाहिलं की आपली भीती थोडी लहान होते. ३ जुलै १९७७ या दिवशी अमेरिकेत रेमंड डमॅडियन यांच्या यंत्रात माणसाच्या छातीचं पहिलं चित्र निघालं. आधी डमॅडियन स्वतः आत बसले होते, पण त्यांच्या देहाच्या आकारामुळे यंत्राला काही उमगेना. मग त्यांचा सडपातळ विद्यार्थी लॅरी मिंकॉफ आत बसला. छातीच्या एका थराच्या चित्रासाठी त्याला जवळजवळ पाच तास बसावं लागलं. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड स्वतःच्या यंत्रात स्वतः गेले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं हृदयाचे ठोके बिघडतील अशी शंका तेव्हा व्यक्त झाली होती, तरी ते गेले. पुढे २००३ साली पॉल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं. त्या मंडळींना आत काय होईल ते ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. मधल्या काळात जगभर कोट्यवधी तपासण्या झाल्या आहेत.

आणि हे तंत्र आता दूरदेशीचंही राहिलेलं नाही. पवईला आयआयटीच्या आवारात 'समीर' नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. देशी बनावटीचं १.५ टेस्लाचं एमआरआय यंत्र विकसित करण्याच्या प्रकल्पात ती पुढे आहे. मार्च २०२५ मध्ये त्या यंत्राच्या चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी करार झाला. घाटकोपर-मुलुंडकडून ज्या रस्त्यानं आपण पवईला जातो, त्या रस्त्यालगत कुणीतरी याच चुंबकाशी रोज खटपट करत आलं आहे.

मग धोका अजिबात नाही का? आहे, पण आपण ज्याला घाबरतो त्यात तो नाही. तो धातूत आहे. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. आणि हे चुंबक पंख्यासारखं बटणानं बंद होत नाही. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या थंडीत ठेवलेली असतात आणि ते रात्रंदिवस चालू असतं. आवाज थांबला म्हणजे चुंबक थांबलं, असं नव्हे.

हे न कळल्यामुळे आपल्या मुंबई परिसरात दोन दुर्घटना झाल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या टाटा स्मारकाच्या संशोधन केंद्रात ऑक्सिजनचं सिलिंडर यंत्राकडे खेचलं गेलं आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास अडकून पडले. २७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या ३२ वर्षांच्या एका नातेवाइकाचा, सिलिंडर घेऊन आत गेल्यामुळे जीव गेला. यंत्र बंद आहे असं सांगितलं गेलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. ध्यानात घ्या, दोन्ही वेळा धोका तपासणीचा नव्हता, सोबत आत गेलेल्या लोखंडाचा होता. म्हणून रुग्णानं आणि त्याच्याबरोबरच्या माणसानंही एक नियम पाठ करावा: तंत्रज्ञानं तपासून 'चला' म्हटल्याशिवाय त्या दारातून आत जायचं नाही, आणि हातात काही घेऊन तर नाहीच.

अंगावरचं काय काय काढायचं? मोबाईल, घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे, बँकेचं कार्ड हे सगळ्यांना आठवतं. विसरतात ते वेगळंच. पदराची सेफ्टी पिन, केसांतला आकडा, आतल्या कपड्यांचे हूक, कमरेचा करदोटा, पायातली जोडवी, कवळी, कानातलं श्रवणयंत्र. आमच्याकडे दंडाला किंवा गळ्यात तावीज असतो, तो बहुधा धातूच्या डबीत असतो. कुणाच्या गळ्यात ताईत, कुणाच्या मंगळसूत्र. ते उतरवायला जीव धजत नाही, हे मी समजू शकतो. सोबत आलेल्या माणसाच्या मुठीत ते द्यावं. आपल्याच माणसाच्या मुठीत आहे म्हटल्यावर मन निवांत राहतं. डोळ्यांतला सुरमा, काजळ धुऊन जावं, कारण काहींच्या रंगात धातूचे कण असतात.

शरीराच्या आतलं तर नक्कीच सांगायचं. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानातलं इम्प्लांट, स्टेंट, हाडातली पट्टी, स्क्रू. यांतलं बरंचसं हल्लीच्या काळात चालतं, काही पेसमेकरही अटींवर चालतात, पण काही मुळीच चालत नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. त्या वस्तूचं कार्ड किंवा ऑपरेशनचे कागद घेऊन जाणं आपलं काम. आपल्या उपनगरांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. साकीनाका, मरोळ, कुर्ला इथल्या गाळ्यांमध्ये ज्यांनी वेल्डिंग केलं, लेथवर काम केलं, त्यांच्या डोळ्यात कधी काळी लोखंडाचा बारीक कण उडालेला असू शकतो. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी सांगावी. आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून खात्री करतात. गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, औषधांची अॅलर्जी हेही सांगावं, कारण काही वेळा शिरेतून एक औषध देऊन चित्र अधिक स्पष्ट करावं लागतं.

हे सगळं विचारणारा फॉर्म तिथं भरून घेतात. पण 'तुम्हाला भीती वाटते का?' हा प्रश्न त्यावर असतोच असं नाही. आपाच्या पहिल्या वेळी तो कुणी विचारला नव्हता आणि तिनं आपण होऊन सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही दुसऱ्या सेंटरमध्ये गेलो. आधल्या दिवशी मी तिला यंत्र बाहेरून दाखवून आणलं. तिनं पाहिलं की ज्याला आपण बोगदा म्हणतो तो दोन्ही बाजूंनी उघडा आहे, आत दिवा आहे, वारा खेळता आहे. रुंदी पाहिली. जुन्या यंत्रांची साधारण ६० सेंटिमीटर असते, नव्या रुंद यंत्रांची ७०. तेवढ्या दहा सेंटिमीटरनं फार फरक पडतो, म्हणून रुंद यंत्र कुठं आहे ते फोनवर आधी विचारावं. डोक्याच्या तपासणीत डोकं आणि छाती आत जाते, पाय बरेचसे बाहेर राहतात, हेही तिला कळलं. चेहऱ्यावरचा पिंजरा म्हणजे मेंदूकडून येणारी लहर पकडणारी अँटेना. अनेक पिंजऱ्यांना आरसा असतो, त्यातून पायांकडची खोली दिसते. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की तंत्रज्ञ थांबतो आणि बोलतो. फुगा हातात आहे हे कळल्यावर तो दाबावासा वाटेनासा होतो, असं आपा नंतर म्हणाली.

तंत्रज्ञाला आम्ही सरळ सांगितलं, 'यांना आत भीती वाटते.' त्या मुलानं हसण्यावारी नेलं नाही. दर टप्प्याआधी तो सांगत होता, 'आजी, आता तीन मिनिटं आवाज येईल. आता चार मिनिटं.' माझ्या अंगावरचं सगळं तपासून, कानात बोळे घालून मला आत बसू दिलं. मी तिच्या पावलावर हात ठेवून बसलो होतो. बऱ्याच ठिकाणी याला परवानगी मिळते, विचारावं लागतं. इतकं करूनही जमणार नसेल तर डॉक्टरांशी आधी बोलून सौम्य औषध घेता येतं. मग सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही. लहान मुलांना तर अनेकदा भूल देऊनच ही तपासणी करतात. यात कमीपणा काही नाही.

आपाची तपासणी पूर्ण झाली. मेंदूच्या आवरणाची एक गाठ निघाली, ती डोळ्याच्या नसेवर दाब देत होती. गाठ कर्करोगाची नव्हती. ऑपरेशन झालं, डोळा वाचला. 'आणखी थांबला असता तर नजर परत येईल असं सांगता आलं नसतं,' असं सर्जन म्हणाले. त्या तीन आठवड्यांची किंमत मला तेव्हा कळली.

पुढे माझ्या अर्ध्या चेहऱ्याला मुंग्या येऊ लागल्या आणि माझीही पाळी आली. मेंदूची तपासणी बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची असते. अंधेरीहून चर्चगेटला धिम्या लोकलनं जायला याहून जास्त वेळ लागतो. तपासणी सलग नसते, दोनपाच मिनिटांचे टप्पे असतात, मध्ये थोडी शांतता. दोन स्टेशनांमधलं अंतर आणि मग थांबा, अगदी तसं. मी डोळे आत जाण्याआधीच मिटले आणि लोकलमध्ये बसलो. पहिला आवाज सुरू झाला की विलेपार्ले, थांबला की सांताक्रूझ. खार, वांद्रे, माहीम. श्वास सोडताना घेतल्यापेक्षा लांब सोडायचा, एवढंच भान ठेवलं. मध्येच आवाजाला ठेका सापडला. मग मनात देवप्रियेची लगावली म्हणत राहिलो, गालगागा गालगागा गालगागा गालगा. दादर येण्याआधी तंत्रज्ञ म्हणाला, 'काका, झालं.'

कुणी मनात तस्बीहचे मणी मोजेल, कुणी रामरक्षा म्हणेल, कुणी पाढे म्हणेल. फक्त ओठ आणि जबडा हलू द्यायचा नाही, नाही तर चित्र पुसट येतं आणि तो टप्पा पुन्हा घ्यावा लागतो. आवंढा, खोकला शांततेच्या वेळी उरकून घ्यावा.

एक विचार मात्र मनात राहिला. सकाळच्या विरार लोकलमध्ये छातीला छाती लावून उभे राहणारे आपण मुंबईकर त्या मोकळ्या, हवेशीर नळीत का घाबरतो? मला वाटतं, आपण अडचणीला घाबरत नाही, एकटेपणाला घाबरतो. गर्दीत निदान चार माणसं असतात. म्हणून पावलावरचा हात, कानातला तंत्रज्ञाचा आवाज, हातातला फुगा यांचं मोल औषधाइतकं आहे.

आता दुसरी भीती, रिपोर्टची. बाहेर आल्यावर माणूस पहिल्यांदा तंत्रज्ञाचा चेहरा वाचतो. तो वाचू नये. रिपोर्ट देणं त्याचं काम नाही, रेडिओलॉजिस्टचं आहे, म्हणून तो गप्प असतो. वेळ जास्त लागला किंवा एखादा टप्पा पुन्हा घेतला, तरी त्याचा अर्थ वाईट निघालं असा होत नाही. रिपोर्ट हाती आला की मोठमोठे शब्द दिसतात. पन्नाशी-साठीनंतर त्यात वयोमानानुसार झालेल्या बदलांच्या नोंदी पुष्कळदा असतात, केस पिकतात तशा. शेवटी बहुधा 'क्लिनिकली कोरिलेट करा' असंही लिहिलेलं असतं. म्हणजे समोरच्या माणसाला तपासून याचा अर्थ लावा. तो अर्थ आपले डॉक्टर लावतील. रात्री दोन वाजता मोबाईलवर एकेक शब्द शोधून तो लागत नाही. शक्य असेल तर डॉक्टरांची वेळ रिपोर्टच्या आधीच घेऊन ठेवावी आणि पाकीट उघडायला घरातलं कुणी बरोबर न्यावं.

तपासणीच्या दिवशी तो फॉर्म नीट वाचा. पेसमेकर, स्टेंट, डोळ्यातला लोखंडाचा कण, सगळं लिहा. भीतीसाठी रकाना नसेल, तर खाली मोकळी जागा असते. तिथं आपल्या हातानं लिहा, 'मला भीती वाटते.' आणि तो कागद देताना तोंडानंही सांगा. पुढचं त्या माणसाला कळतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)